नानांनी ठेवलेला झोळ

नाना लाँचमध्ये चढले की आधी चपला काढायचे. त्या बाकाखाली नीट जोडून ठेवायचे आणि अगदी मागे, जिथे फळ्यांखालून पाण्यातल्या पंख्याचा दांडा जातो, तिथे अनवाणी पाय टेकवून बसायचे. रेवसहून भाऊच्या धक्क्यापर्यंतच्या प्रवासात बाकीचे लोक पेंगायचे, मोबाइलवर मालिका बघायचे, मासळीच्या भावावरून वाद घालायचे. नाना पायांनी ऐकत बसायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांचे पाय सुजत असतील. तेवढ्यात त्यांनी खलाशाला हाक मारली, "तुज्या तांडेलाला सांग, मागचा बेरिंग तापाया लागलाय. पायाला कलतंय." खलाशी हसला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात ती लाँच भर समुद्रात बंद पडली. आम्ही सगळे उन्हात तळत दुसऱ्या लाँचची वाट बघत राहिलो आणि त्या अख्ख्या गर्दीत खुशीत असलेला माणूस एकच होता.

चौकशी केली तेव्हा कळलं, हे काशिनाथ धर्मा पाटील, आणि ज्या गोदीत मी नुकतीच इंजिनिअर म्हणून रुजू झाले होते, तिथलेच. रेवसजवळच्या एका आगरी गावातले, मीठ पिकवणाऱ्या घरातले. बुटके, रुंद, मानेत दोरी अडकवलेला जाड चष्मा आणि डबा गुंडाळायला कायम तोच लाल पंचा. तीसेक वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: लढाऊ जहाजांचे शाफ्ट बसवणं. गोदीत त्यांना सगळे नाना म्हणत, मोठे साहेबसुद्धा. मी मूळची श्रीवर्धनची, पण नोकरीसाठी अलिबागजवळ मामांकडे राहत होते, त्यामुळे आमची लाँच एकच. मांडव्याहून मोठी नवी बोट सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, नाना, तिकडे गारवा आहे, मऊ खुर्च्या आहेत. ते म्हणाले, "खुर्ची हाय, पन पायाला काय कलत न्हाय. कपाटान बसल्यावानी वाटतंय." मग मीही लाँचच धरून राहिले. नाना गेल्या वर्षी वारले. ती लाँच मी अजून सोडलेली नाही.

शाफ्ट म्हणजे इंजिनापासून जहाजाच्या शेपटाकडच्या पंख्यापर्यंत जाणारा पोलादी दांडा. कवेत जेमतेम मावेल इतका जाड आणि लांबीला दोन-तीन घरं एकापुढे एक ठेवावीत तितका. मोठ्या लढाऊ जहाजाला असे दोन असतात आणि ते सारखे नसतात. इंजिनांच्या दोन खोल्या मुद्दाम एकीमागे एक ठेवतात. एकीत स्फोट झाला किंवा पाणी शिरलं, तरी दुसरीच्या जोरावर जहाज घरी यावं म्हणून. पुढच्या खोलीतून निघणारा शाफ्ट साहजिकच लांब, मागच्या खोलीतला आखूड. कॉलेजात हे शिकायला मला एक आख्खं सत्र लागलं होतं. नाना एका दमात सांगून मोकळे झाले, "दोन भाव हायेत बाय. थोरला लांब, सगल्यांना सांबालून घेतो. धाकटा आखूड, म्हनून तापट. त्याला जरा वाकडा बोलला का भडकला." आखूड शाफ्ट कमी लवतो, त्यामुळे त्याला मांडणीतली छोटी चूकही सोसत नाही, हेच पुस्तकात दोन पानं भरून होतं.

या दोघा भावांची नाना जी काळजी घेत, ती बघून त्यांची स्वतःची दोन मुलं नक्कीच जळत असणार. शाफ्ट बरेच दिवस एकाच अंगावर पडून राहिला तर स्वतःच्या वजनाने तसाच वाकून बसतो. म्हणून तो अधूनमधून थोडा थोडा फिरवून ठेवायचा असतो. होळीला नाना चार दिवस गावी गेले की रोज सकाळी माझा फोन वाजायचा. "थोरल्यानी कूस बदलली का?" मी म्हणायची, बदलली. "आन धाकट्यानी?" मागून ढोल, पोरांचा गोंगाट, त्यांच्या बायकोचा आवाज, "आता त्यांना दूद पाजलाव का, ता पन इचारा!" नाना फोन ठेवायच्या आधी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "दूद न्हाय पीत. तेल पितात."

घाई मात्र त्यांना अजिबात सोसायची नाही. शाफ्टचे तुकडे जोडणारे बोल्ट अतिशय गार करून आकसवतात, मग ते भोकात अलगद सरकतात आणि ऊब आली की फुगून घट्ट बसतात. एकदा ठेकेदाराच्या माणसाने पुरता गार न झालेला बोल्ट हातोड्याने ठोकायला घेतला. नाना ओरडले नाहीत. त्यांनी हातोडा काढून घेतला, त्याला शेजारी बसवलं, आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील त्याच्यापुढे केला आणि म्हणाले, "खा. तवर तो गार होतंय." बोल्ट गार व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात त्या माणसाने नानांचं सगळं जेवण संपवलं.

आणखी एक गोष्ट. "शाफ्ट सरळ आहे का?" असं कोणी विचारलं तर नाना कधी हो म्हणत नसत. "बसलाय," म्हणत. माझ्या मते सरळ म्हणजे सरळ. पण इतका वजनदार दांडा दोन आधारांच्या मध्ये थोडा तरी लोंबणारच. त्यात जहाज पाण्यात उतरलं की त्याचाच आकार जरा बदलतो, इंजिन तापलं की ते वर उचललं जातं. म्हणून आधाराची बेअरिंगं मुद्दाम केसभर खाली-वर ठेवायची, म्हणजे शाफ्ट सगळ्यांवर सारखा टेकतो. "सरल शाफ्ट कागदाव असतंय, बाय. पान्यान तो बसावा लागतंय." मी मान डोलवायची. आपल्याला समजलं असं मला वाटायचं.

एप्रिल उजाडला. हातातलं जहाज पाण्यात उतरलेलं होतं, थोरल्याची मांडणी पुरी झाली होती आणि नानांच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता. त्यांचं हे शेवटचं जहाज. आमच्याकडे अशी पद्धत आहे की मापांच्या अंतिम कागदावर, ती मापं ज्याने घेतली त्याची सही होते आणि तो कागद जहाजाच्या कायमच्या दप्तरात जातो. जहाज मोडीत निघेपर्यंत तो त्याच्यासोबत राहतो. नानांना सत्काराचं, शालीचं काही वाटत नसे, पण त्या सहीचं फार होतं. सहीच्या दिवशी ते घरून इस्त्रीचा सदरा घेऊन येत आणि शाफ्टच्या खोलीतून वर येऊन, हात धुऊन, तो घालून सही करत. "आपला नाव पान्याव फिरतंय," असं म्हणत. या वेळी सदरा नवा शिवायला टाकला होता.

सहीआधी मापं पडताळणं हे तपासणी विभागाचं, म्हणजे माझं काम. दुपारचं जेवण करून मी लेसरचं यंत्र घेऊन खाली उतरले. माझी मापं नानांच्या कागदाशी जुळेनात. फरक केसाच्या जाडीचा, पण या कामात केसही मोठा. तीनदा घेतली, तीनदा तेच. नानांच्या कागदावरचे आकडे मात्र नकाशाशी तंतोतंत जुळत होते, इतके की मला संशय यायला लागला. तिथेच एका फळीवर नानांची स्वतःची वही होती. ती उघडली. त्या दिवसाच्या पानावर जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, "थोरला. मदल्या बेरिंगला झोल हाय. तसाच ठेवला."

झोल या शब्दाचा मुंबईत एकच अर्थ. हॉस्टेलच्या मेसमध्ये झोल, निकालात झोल, जिथे तिथे झोल, म्हणजे लबाडी. आणि इथे माणसाने स्वतःच्या हाताने कबुली लिहून ठेवलेली. मापं जुळली नाहीत म्हणून नकाशातले आकडे कागदावर उतरवले, असा मी अर्थ लावला. त्या वेळी नाना कँटीनमध्ये चहा पीत होते, दहा मिनिटांच्या अंतरावर. मी त्यांच्याकडे गेले नाही. खरं कारण लिहायचं तर मला भीती वाटली, की नाना दोन शब्द बोलतील आणि माझा लिहिण्याचा धीर जाईल. संध्याकाळच्या आत मी अहवाल दिला आणि वहीतलं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवलं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी नानांना बोलावलं. साहेब उत्तरेकडचे, पण मुंबईत वीस वर्षं काढलेले. मी बाजूला उभी होते.

"नाना, ये झोल आपने लिखा है?"

"हां साब."

"मतलब झोल है?"

"है ना. झोल तो रखनाच पडता है."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रखना पडता है?"

"बिना झोल का कोई जहाज चलता है क्या साब? अपुन तीस साल से रखता है."

आज हे आठवलं की मला हसू येतं. त्या दिवशी त्या खोलीत कोणी हसलं नाही. काहीतरी बिनसलंय एवढं नानांच्या लक्षात आलं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडमनी मापा कवा घेतली, ता इचारा साब." साहेबांना ही टाळाटाळ वाटली. मलाही वाटली.

नानांना त्या कामावरून बाजूला केलं आणि हातात इंग्रजी पत्र दिलं. संध्याकाळी लाँचवर त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "वाच गो बाय, कसला हाय. मना वाटला, झोलाचा हिसाब मागतात." त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. मी वाचलं. खोट्या नोंदी केल्याचा संशय, चौकशी पुरी होईपर्यंत शाफ्टच्या कामाला हात लावू नये, आणि खाली, तपासणी विभागाच्या अहवालावरून. हे सगळं मी मराठीत सांगितलं. सांगून झाल्यावर नानांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवलं, बाकावर माझ्यासाठी जागा केली. "बसा म्याडम," म्हणाले, "उब्या कशाला?" दोन वर्षांत लाँचवर त्यांनी मला कधी म्याडम म्हटलं नव्हतं. रेवस येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो.

पुढे दहा-बारा दिवसांनी मी रेवसच्या धक्क्यावर उभी होते. ओहोटी होती, लाँच जरा लांबच अडकली होती आणि दोन खलाशी दोर ओढत होते. एकजण ओरडला, "आरं खेच जरा, दोराला झोल परलाय!" दोर मध्येच सैल पडून पाण्यापर्यंत लोंबत होता. झोळ! आमच्या श्रीवर्धनला कपडे वाळत घालायच्या दोरीबद्दल आई रोज हाच शब्द म्हणायची, झोळ पडलाय, ताण जरा. नाना डोळ्याला डोला म्हणत, शाळेला शाला म्हणत, कळतं ऐवजी कलतं म्हणत. दोन वर्षं मी हे ऐकत होते, त्याची नक्कलही करायची. फक्त त्या एका शब्दाला माझे कान हॉस्टेलचे झाले होते. शाफ्ट मध्ये जेवढा लोंबायला हवा तेवढा लोंबतोय, तो तसाच ठेवला, एवढंच त्या माणसाने लिहिलं होतं.

गोदीत पोहोचताच मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब माणूस सरळ. ते कपाळाला हात लावून बसले, पण त्यांनी विचारलं ते रास्तच होतं, "शब्दाचं समजलं. पण मापं का जुळत नाहीत?" ते तपासायला बाहेरून एक जाणकार गृहस्थ बोलावले; ते यायला महिना गेला. त्यांनी जहाज बघायच्या आधी मला एकच प्रश्न विचारला: "मापं किती वाजता घेतलीत?"

"दुपारी तीनला."

"एप्रिलमध्ये?"

त्यांनी नानांची वही मागितली. प्रत्येक मापाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकच शब्द होता: पाहाट. जहाजाच्या एका कुशीवर दुपारभर ऊन पडलं की तिकडचा पत्रा फुगतो आणि सगळं जहाज केसभर वाकतं, म्हणून शाफ्टची मापं सूर्य उगवायच्या आत घ्यायची. त्यासाठी नाना आदल्या दिवशीच गोदीत मुक्कामाला राहत आणि मी मात्र समजत होते की त्यांची लाँच चुकली. जाणकारांनी पहाटे मापं घेतली. नानांच्या आकड्यांशी ती जुळली, केससुद्धा इकडेतिकडे नाही. नियमाप्रमाणे कागदावर सही झाली ती त्या जाणकारांची. नाना त्याच्या तीन दिवस आधी निवृत्त झाले होते. चौकशी चालू असल्यामुळे निरोपाचा कार्यक्रमही झाला नाही. फाटकावर ओळखपत्र देऊन ते घरी गेले.

जहाज समुद्रात चाचणीला गेलं तेव्हा मी शाफ्टच्या बोगद्यात, मधल्या बेअरिंगजवळ होते. पूर्ण वेगावर आम्ही बराच वेळ धावलो. कानात दडे बसले होते, थोरला समोर गरगर फिरत होता आणि बेअरिंगच्या तापमानाचा काटा एका जागी चिकटल्यासारखा थांबला होता. मी बेअरिंगच्या अंगावर तळहात ठेवला. ते जेमतेम कोमट होतं. तिथे त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी मनसोक्त रडून घेतलं.

किनाऱ्याला लागल्यावर पहिल्या रविवारी मी नानांच्या घरी गेले. त्यांची बायको, जनाकाकी, अंगणात सुकट पसरत होती. तिने मला ओळखलं आणि हातातली सुपली खाली ठेवली. "माज्या मानसाला चोर बोलली ती तूच ना?"

"हो काकी."

"आन आता कशाला आलीस?"

"चाय ठेव आदी," आतून नानांचा आवाज आला. "चोराच्या घरान पन चाय मिलतंय."

मी माफी मागितली. पाठ करून आणलेलं सगळं विसरले आणि नुसतंच "नाना, माझं चुकलं" एवढं म्हणाले. त्यांनी विचारलं, "मदला बेरिंग किती तापला?" मी आकडा सांगितला. "पूर्न वेगाला?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंजे बसला."

मी साहेबांचा निरोप सांगितला. फाटकाचा पास तयार आहे, गाडी पाठवतील, नानांनी यावं आणि त्या कागदावर जाणकारांच्या सहीखाली आपली सही करावी. काकीचा राग क्षणात उतरला. "जावा ना! नवा सदरा तसाच परलाय घरी कोरा." नाना कपातला चहा बशीत ओतत होते, तो त्यांनी पूर्ण ओतला.

"ती मापा मी घेतली न्हाय," ते म्हणाले. "माजी घेतलेली वायली, त्यांनी घेतलेली वायली. आकडा येकच आला म्हनून काय झाला? दुसऱ्याच्या मापाव मी सई करू? मंग तो झोल झाला, तुमचा मुंबयचा."

मी अगदी रडकुंडीला आले होते, कारण त्यांना ती सही किती हवी होती हे मला माहीत होतं, आणि ते चुकीचं बोलत नव्हते. शेवटी मी पर्समधून एक चिठोरं काढलं. सही करणार नसाल तर निदान शेऱ्याच्या रकान्यात मी हे लिहिते, असं म्हणून वाचून दाखवलं: 'शाफ्टची मूळ मांडणी काशिनाथ धर्मा पाटील यांची. तीच योग्य. तिच्याबद्दल मी दिलेला पहिला अहवाल चुकीचा होता.'

नानांनी ते चिठोरं मागून घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचलं. मग कानामागची पेन्सिल काढली.

"ह्यो सबूद बराबर न्हाय. तुजी मापा चुकीची नवती. उन्हातली होती. उन्हान लोखंड खोटा बोलतंय, मानूस न्हाय." त्यांनी 'चुकीचा' वर बारीक रेघ मारली आणि चिठोरं परत दिलं. "काय झाला ताच लिव."

सोमवारी मी जहाजाच्या कागदावर शेरा लिहिला. शेवटचं वाक्य असं: 'तिच्याबद्दलचा पहिला अहवाल मी त्यांना न विचारता लिहिला होता.' मग खाली माझं नाव लिहिलं आणि सही केली.